वाचनाच्या ओढीने प्रकाशनव्यवसायात येताना

पानोपानी (धागाकर्ती):

प्रकाशनव्यवसायात यायचे असेल तर काय शिकावे, अशी विचारणा येथे अधूनमधून होत असते आणि तिला मिळणारी उत्तरे बहुतेक वेळा दोन टोकांची असतात. काही जण सांगतात की वाचन भरपूर हवे, बाकीचे आपोआप येते. काही जण सांगतात की हा व्यवहार आहे, पुस्तकांवर जीव असणाऱ्याने त्यापासून दूर राहिलेलेच बरे. मी पुण्यातल्या एका लहान प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक, म्हणजे छपाईपूर्वी प्रुफे तपासणारी, म्हणून सुरुवात केली, पुढे संपादनसाहाय्य करू लागले, आणि या दोन्ही उत्तरांशी माझा अनुभव जुळत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझे बहुतेक वाचन रत्नागिरीत झाले. तेथील जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे आहे आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. लहानपणी मला त्याच्या वयाचे काही वाटत नसे. ‘किशोर’चा नवा अंक आपल्याआधी कोणी नेला तर नाही ना, एवढीच काळजी असे. वडिलांच्या वर्गणीवर एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक मिळे. दिवाळीनंतर वेगळी वर्गणी भरली की दिवाळी अंक आळीपाळीने घरी आणता येत आणि ते संपेपर्यंत आमच्या घरात दुसरे काही वाचले जात नसे. या वाचनाला कसलाही क्रम नव्हता. ह. ना. आपटे यांच्यानंतर लगेच बाबुराव अर्नाळकर, त्यांच्यानंतर इरावती कर्वे, मग कोणीतरी नुकताच परत केलेला शिकारकथांचा एखादा अनुवाद, असे ते चाले. ‘हे तुझ्या वयाचे नाही’ असे घरात कोणी म्हटले नाही, ही मला मिळालेली फार मोठी मोकळीक होती, आणि तिचा उपयोग कोठे झाला ते पुढे येईलच.

महाविद्यालयात असताना ‘सत्यकथे’चे बांधीव जुने अंक हाती आले. ते मासिक १९८२ मध्येच बंद झाले होते, त्यामुळे मी ते वाचले ते एका संपलेल्या काळाचे साहित्य म्हणून. याच सुमारास मला पुस्तकाचे श्रेयपृष्ठ वाचायची सवय लागली: प्रकाशक कोण, मुद्रक कोण, मुखपृष्ठ कोणाचे, पहिली आवृत्ती कधीची आणि दुसरी कधीची. ‘मौज प्रिंटिंग ब्यूरो, खटाववाडी, गिरगाव’ हा पत्ता इतक्या पुस्तकांवर दिसे की तोवर मुंबई न पाहिलेल्या मला तो पाठ झाला होता. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे यांची मुखपृष्ठे मी नाव न पाहता ओळखू लागले. दोन आवृत्त्यांमध्ये वीस-पंचवीस वर्षांचे अंतर असलेली कितीतरी चांगली पुस्तके त्या कपाटांत होती. मधल्या काळात ती कशामुळे नाहीशी झाली आणि कोणी परत आणली, हे मला जाणून घ्यावेसे वाटू लागले. पुस्तकामागे लेखकाखेरीज आणखीही माणसे काम करत असतात, ही जाणीव मला अशी त्या एका पानामुळे झाली.

मराठी विषय घेऊन एम.ए. केल्यावर सदाशिव पेठेतल्या एका संस्थेत काम मिळाले. पहिले काम मोठ्याने वाचण्याचे होते. ज्येष्ठ मुद्रितशोधक प्रूफ समोर घेऊन बसत आणि मी हस्तलिखित विरामचिन्हांसह वाचून दाखवत असे: स्वल्पविराम, अवतरण सुरू, अवतरण पुरे, नवा परिच्छेद. ऐकायला हे काम कंटाळवाणे वाटेल. पण लेखकाने स्वल्पविराम कोठे दिला आणि कोठे मुद्दाम टाळला, हे जिभेला कळू लागले की वाक्याची ठेवण जशी समजते तशी ती नुसत्या डोळ्यांनी वाचून मला कधीच समजली नव्हती. नंतर स्वतंत्रपणे प्रुफे येऊ लागली. पहिल्या प्रुफात गाळलेल्या ओळी आणि चुकलेले शब्द, दुसऱ्यात आधीच्या दुरुस्त्या झाल्या की नाहीत याची तपासणी, तिसऱ्यात पानांची मांडणी, पृष्ठक्रमांक, अनुक्रमणिकेशी मेळ आणि पानाच्या माथ्यावर एकट्या पडलेल्या ओळी, असा साधारण क्रम असतो.

नियम शिकणे अवघड नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. हे अठरा नियम आणि एक चांगला लेखनकोश जवळ असला की काही महिन्यांत ऱ्हस्व-दीर्घावर हात बसतो. अवघड असते ते दुरुस्ती कोठे करू नये हे ओळखणे. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी संवाद लेखकाने कानाने ऐकून लिहिलेले असतात; त्यांना प्रमाणभाषेच्या नियमांत बसवले की ते पात्र खोटे होते. निवेदनात ‘असे’ आणि संवादात ‘असं’ ही विभागणी बहुतेक लेखक पाळतात, परंतु निवेदकच जेव्हा बोलत्या भाषेत सांगत असतो तेव्हा सगळे ‘असे’ करून टाकणारा शोधक पुस्तकाची हानी करतो. अशा जागी नियमांचे पुस्तक मदतीला येत नाही, लहानपणापासून वाचलेले उपयोगी पडते. अर्नाळकरांचे छोटे तुटक संवाद, इरावतीबाईंची घरगुती आणि तरीही तोलून वापरलेली वाक्ये, आपट्यांचे पल्लेदार निवेदन हे सारे कानात असले, तर समोरचे वाक्य चुकीचे आहे की केवळ आपल्या ओळखीचे नाही, एवढा फरक करता येतो. वाचनाची आवड प्रकाशनात उपयोगी पडते ती येथे. कोणते पुस्तक गाजेल हे सांगण्यासाठी तिचा फारसा उपयोग होतो, असे मला आढळलेले नाही.

जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे आणि त्यानंतरचे लेखन आजच्या नियमांनुसार छापावे, असा महामंडळाचा नियमच आहे. त्यामुळे आपट्यांचे गद्य आजच्या लेखनात छापले जाते. व्यवहार म्हणून मला हे समजते, कारण जुने अनुस्वार पाहून आजचा विद्यार्थी अडखळतो. तरी ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन यांतला फरक त्या टिंबाने डोळ्यांना दिसत असे आणि लांबलचक वाक्यात सर्वनाम कोणाकडे बोट दाखवते हे त्यावरून चटकन कळे. टिंब काढले की ती खूण जाते, आणि मग तेच वाक्य वाचकाला उगाच गुंतागुंतीचे वाटू लागते. माझे मत असे आहे की अशा प्रत्येक पुनर्मुद्रणात काय बदलले आणि काय ठेवले, हे संपादकाने अर्ध्या पानात तरी नोंदवलेच पाहिजे. स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांच्या बाबतीत तर याची गरज फारच आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांची पुस्तके २०११ पासून कोणालाही छापता येतात आणि ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांनी काढली आहे. प्रत जितक्या हातांतून जाते तितकी ती मुळापासून सरकण्याची शक्यता वाढते, म्हणून कोणती आवृत्ती समोर ठेवून जुळणी केली हे वाचकाला कळायला हवे.

बाकीची कामे थोडक्यात सांगते. डेमी आकारात फर्मा, म्हणजे एका कागदावर एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गट, सोळा पानांचा धरतात, त्यामुळे पुस्तक १६३ पानांचे झाले तर तीन पाने कोठे तरी वाचवावी लागतात आणि ती जबाबदारी बहुधा नवख्या माणसावर येते. ग्रंथक्रमांकासाठी (आयएसबीएन) अर्ज करणे, पाठराखणीचा म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर लिहिणे, १९५४ च्या कायद्यानुसार कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील ठरलेल्या चार ग्रंथालयांना प्रती पाठवणे हेही माझ्याकडे होते. हे शेवटचे काम मला मनापासून आवडे, कारण पुस्तक बाजारात विकले गेले नाही तरी ते कोठे तरी जपून राहील अशी निदान व्यवस्था आपल्या हातून होत असे.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. सुरुवातीचे वेतन कमी असते आणि बाहेरून मुद्रितशोधन करणाऱ्यांना पानामागे दर मिळतो. एका संस्थेने पूर्ण झालेल्या कामाचे पैसे मला फार उशिरा, वारंवार विचारल्यावर दिले. घरचा आधार नसलेल्या मुलामुलींना या क्षेत्रात टिकणे त्यामुळे कठीण जाते आणि मराठी प्रकाशनात कोणत्या घरांतली माणसे संपादक होतात, हेही त्यावरूनच ठरत जाते. मला ही फार गंभीर गोष्ट वाटते.

या क्षेत्रात काम केलेल्या किंवा करू इच्छिणाऱ्या वाचकांनी आपापले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे.

निवृत्त जुळारी:

आपले लेखन वाचून समाधान वाटले, कारण मुद्रितशोधकाविषयी कोणी लिहीत नाही आणि जुळाऱ्याविषयी तर अजिबातच नाही. मी खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे हाताने जुळवण्याच्या, काळातला माणूस आहे. देवनागरीच्या केसमध्ये जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, काना-मात्रा-वेलांट्या धरून शेकडो घरे असत आणि कोणता खिळा कोणत्या घरात हे हाताला पाठ असावे लागे. लेखकाच्या अक्षराची सवय होईपर्यंत पहिली काही पाने जड जात. नंतर तो कोणता शब्द लिहिणार याचा अंदाज येऊ लागे. पुस्तक छापून येण्याआधी ते अक्षर-अक्षर करून वाचणारे पहिले वाचक आम्ही होतो, आणि माझे शालेय शिक्षण अर्धवट राहिले असले तरी माझे वाचन अशा रीतीने छापखान्यात झाले. मराठी छपाईला सुबक अक्षर मिळाले ते निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींमुळे आणि त्यांच्यासाठी अक्षरे घडवणाऱ्या राणोजी रावजी आरूंमुळे. जावजींचे नाव पुष्कळांना माहीत असते, आरूंचे नाव घेणारे फार थोडे भेटतात.

एक मुद्दा जोडतो. गॅलीत, म्हणजे पाने पाडण्याआधीच्या सलग जुळणीत, परिच्छेदाच्या सुरुवातीला एक शब्द वाढवला तर परिच्छेदाच्या शेवटापर्यंतच्या ओळी पुन्हा बसवाव्या लागत, आणि पाने बांधून झाल्यावर तर पुढची पाने सरकत. त्यामुळे लेखकाला हस्तलिखितावरच पुरेसा विचार करावा लागे आणि प्रुफात नवे वाक्य घालणे ही गोष्ट संकोचाने केली जाई. संगणकावर जुळणी सुरू झाल्यावर दुरुस्ती स्वस्त झाली. ही सोय चांगलीच आहे, मात्र अर्धवट हस्तलिखिते छपाईला येण्याचे प्रमाण तेव्हापासून वाढले, असे माझे निरीक्षण आहे. आपण आजच्या काळात काम करता, आपल्याला काय वाटते?

पानोपानी:

काका, आपल्यासारखा अनुभव असलेल्यांनी येथे लिहावे हीच इच्छा होती, मनापासून आभार. आपले निरीक्षण मला बरोबर वाटते. शेवटच्या प्रुफावर नवा परिच्छेद लिहून पाठवणे आता नेहमीचे झाले आहे आणि नव्या चुका बहुतेक वेळा त्या उशिरा आलेल्या मजकुरातच राहतात, कारण तो तीन वेळा वाचला गेलेला नसतो.

संगणकाने आणखी एक अडचण आणली. जुन्या पुस्तकांच्या फाइली ‘श्री-लिपी’ किंवा ‘आकृती’सारख्या जुन्या पद्धतीत असतात आणि त्या युनिकोडमध्ये बदलताना ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांसारखी अक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी हमखास बिघडतात. ‘कादंबऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ असे शब्द प्रत्येक पानावर तपासावे लागतात. एकदा निर्दोष छापलेले पुस्तक नव्या आवृत्तीत सदोष होण्याचे हे एक साधे कारण आहे. वाचक मात्र ‘पूर्वीसारखे काम राहिले नाही’ असे म्हणतात, आणि छापील पानावरून त्यांना दुसरे काही वाटणार तरी कसे?

पुस्तकपेठ:

धागा चांगला आहे, परंतु मूळ म्हणण्याशी मी सहमत नाही. नवख्या माणसाला आधी मुद्रितशोधनाला बसवले की त्याची दृष्टी पानापुरती मर्यादित राहते. मी पुस्तकप्रदर्शनांत टेबलामागे उभा राहून सुरुवात केली आणि आजही माझे मत आहे की प्रकाशनाचे शिक्षण तेथेच मिळते. कोण कोणते पुस्तक उचलतो, मलपृष्ठ वाचून परत का ठेवतो, किंमत पाहिल्यावर चेहरा कसा बदलतो, हे पाहिल्याशिवाय संपादकाला वाचक कळत नाही. साहित्य संमेलनात, अलीकडे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात भरणाऱ्या पुस्तक महोत्सवात, अगदी जिल्ह्याच्या ठिकाणी मंगल कार्यालयात लागलेल्या प्रदर्शनातसुद्धा ग्राहक पुस्तकाविषयी जे बोलतात ते कोणत्याही परीक्षणात वाचायला मिळत नाही.

‘ग्रंथाली’चे उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यात काही पत्रकार-लेखक मित्रांनी ती वाचक चळवळ म्हणून सुरू केली: वाचकांनी सभासद व्हावे, त्यांना पुस्तके सवलतीत मिळावीत आणि पुस्तके घेऊन गावोगाव जावे. याच चळवळीतून दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले. ज्या जगण्याला मराठी पुस्तकांत तोवर फारशी जागा नव्हती ते तेथे मांडले गेले, आणि ते स्वीकारणारा वाचक तयार आहे हे चळवळीतल्या लोकांना ठाऊक होते, कारण त्यांचा वाचकांशी प्रत्यक्ष संबंध होता. कोणते पुस्तक काढायचे हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा असतो. स्वल्पविराम त्यानंतर येतात.

पानोपानी:

आपल्या उदाहरणाचे महत्त्व मला पूर्ण मान्य आहे, आणि प्रदर्शनाच्या टेबलामागे उभे राहण्याची संधी प्रत्येक नव्या संपादकाला मिळावी हेही मान्य आहे. तरी आपणच घेतलेले उदाहरण माझ्याही बाजूने बोलते. ‘बलुतं’ हे नावच पाहा; त्या पुस्तकाची भाषा ज्या वस्तीतून आली ती भाषा तशीच छापली गेली, म्हणून त्या आत्मकथनाचे बळ टिकले. एखाद्या अतिउत्साही शोधकाने ती सोवळी केली असती, तर प्रकाशनाचा निर्णय कितीही धाडसी असला तरी वाचकाच्या हाती दुसरेच काही पडले असते. निवड आणि पानावरचे काम यांत आधी कोण आणि नंतर कोण, असा क्रम मला लावता येत नाही.

‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्याविषयी जे वाचले आहे त्यातूनही मला हेच दिसते. हस्तलिखित स्वीकारणे, त्याविषयी लेखकाला सविस्तर पत्र लिहिणे, एखाद्या कथेच्या शेवटाविषयी शंका विचारणे आणि लेखकाचे उत्तर पटले तर आपली सूचना मागे घेणे, हे सारे ते एकाच कामाचे भाग मानत. नवख्या माणसाने त्या पिढीतल्या लेखक-संपादकांचा प्रसिद्ध झालेला पत्रव्यवहार अवश्य वाचावा. सूचना कशी करावी, याचे याहून चांगले शिक्षण मला माहीत नाही.

तालुक्याचा ग्रंथपाल:

दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, परंतु छापलेले पुस्तक शेवटी जेथे येते त्या जागेविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे. त्यानुसार मान्यता मिळालेली अ, ब, क आणि ड वर्गांतली हजारो ग्रंथालये राज्यात आहेत, आणि मराठी पुस्तकांच्या आवृत्तीचा मोठा भाग त्यांच्याकडेच जातो. आमचे अनुदान तुटपुंजे असते आणि वर्षाच्या ठरावीक काळात मिळते, त्यामुळे खरेदीही त्याच काळात होते. काही प्रकाशक हे लक्षात घेऊन केवळ ग्रंथालयांसाठी पुस्तके काढतात. ती भरघोस सवलतीत मिळतात, कपाटात बसतात आणि त्यांच्या तारखेच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे एकही शिक्का पडत नाही. दुसरीकडे, वाचकांनी अक्षरशः झिजवलेल्या कादंबऱ्या पुन्हा मागवाव्यात तर त्यांची आवृत्ती संपलेली असते.

नव्याने प्रकाशनात येणाऱ्यांनी काही दिवस एखाद्या लहान ग्रंथालयाच्या देवघेव टेबलावर बसावे, असे मला मनापासून वाटते. परत आलेल्या पुस्तकाचा कणा पाहिला की पुष्कळ कळते. नुसत्या गोंदाने चिकटवलेली जाड पुस्तके पाच-पंचवीस वाचकांनंतर मधोमध उघडतात आणि पाने सुटू लागतात. शिलाई केलेली जुनी पुस्तके अजून उभी आहेत. आमच्याकडे शेतावरून येणारे, दुकान बंद करून येणारे, परीक्षेच्या पुस्तकांसाठी आलेले आणि मग हळूच कथासंग्रह मागणारे वाचक आहेत. त्यांना बारीक टाइप वाचता येत नाही, हे पुण्या-मुंबईत पानाची मांडणी करणाऱ्याला कधी कळणार? फर्मे वाचवण्यासाठी अक्षर लहान करण्यापूर्वी त्यांचा विचार व्हावा. आजवर एकही संपादक माझ्या ग्रंथालयात येऊन ‘लोक काय वाचतात’ असे विचारून गेलेला नाही.

बडोदेकर:

ग्रंथपालांच्या लेखनावरून बडोद्याची आठवण झाली. सयाजीराव महाराजांनी येथे १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, त्यासाठी बॉर्डन हे ग्रंथालयतज्ज्ञ अमेरिकेहून आणले, आणि गावोगावी वाचनालये पोहोचवली. त्याच संस्थानात श्री सयाजी साहित्यमालेतून मराठी आणि गुजराती पुस्तके निघत होती. पुस्तके तयार करणे आणि ती वाचकापर्यंत नेणे ही दोन्ही कामे एकाच दृष्टीने पाहिली गेल्याचे हे उदाहरण आहे, आणि ‘पुस्तकपेठ’ व ‘पानोपानी’ यांच्या चर्चेत ते उपयोगी पडावे. मी स्वतः गुजरातीतून मराठीत आलेल्या अनुवादांचे संपादन करतो. दोन्ही भाषा घरात असल्यामुळे अनुवादकाचे वाक्य कोठे गुजराती वळणाचे झाले आहे हे मला ऐकू येते, मात्र त्यावर मराठी उपाय सुचण्यासाठी मराठी वाचन चालू ठेवावे लागते. महाराष्ट्राबाहेर राहून ते जाणीवपूर्वक करावे लागते.

लातूरची वाचक:

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ताई, आपला धागा आणि सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. आमच्या घरात पुस्तके नव्हती. जे वाचले ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून आणि भ्रमणध्वनीवर मोफत मिळणारे जुने ‘किशोर’चे अंक व कोश उघडून वाचले. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दिवसभर चुका शोधल्यावर रात्री आवडीचे पुस्तक आनंदाने वाचता येते का? आणि पुण्यात राहण्याचा खर्च परवडणारा नसेल, तर लातुरात राहून हे काम शिकता येईल का? माझी बोली मराठवाड्याची आहे आणि प्रमाण लेखनात माझ्या चुका होतात, त्यामुळे आपण या कामाच्या लायक आहोत का, अशीही शंका वाटते.

निवृत्त जुळारी:

बाळ, शेवटची शंका आधी काढून टाक. आमच्या छापखान्यात उत्तम जुळणी करणाऱ्यांत साताऱ्याचे, कोकणातले, मराठवाड्यातले असे सगळे होते आणि प्रत्येकाची बोली वेगळी होती. मराठवाड्याच्या लेखकाचे हस्तलिखित आले की आम्ही ते तिकडच्या माणसाकडेच देत असू, कारण तो ते न अडखळता वाचत असे.

पानोपानी:

काकांनी जे सांगितले त्याला मी पूर्ण दुजोरा देते. मराठवाड्यातून आज पुष्कळ लेखन येते आणि त्यातले संवाद पुण्यात बसून तपासणाऱ्यांना ते शब्द दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त शोधावे लागतात. तुम्हांला ते बोलण्यातून ठाऊक आहेत. प्रमाण लेखनाचे नियम सरावाने येतात, बोलीचा कान मात्र नियम पाठ करून येत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की आनंद टिकतो, पण वाचनाची गती जाते. पूर्वी मी एका बैठकीत कादंबरी संपवत असे. आता तसे होत नाही, कारण डोळा प्रत्येक वेलांटीवर थांबतो. पहिली काही वर्षे याचे मला दुःख होत होते. मग मी रात्रीच्या वाचनासाठी कविता, पत्रसंग्रह आणि जुन्या लेखनपद्धतीतली पुस्तके घेऊ लागले. जुन्या पुस्तकांत आजचे नियमच लागू नसतात, त्यामुळे दुरुस्त करणारा डोळा आपोआप शांत होतो आणि मी पुन्हा नुसती वाचक होते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत केली आहे. ती चाळत बसणे हेही मला आता मोठे वाचन वाटते, कारण एखाद्या विषयावर किती जणांनी लिहून ठेवले होते हे तिच्यातून कळते आणि शोधायला नवी नावे मिळतात.

लातुरात राहून शिकता येईल का, तर येईल. प्रुफे आता संगणकावरच पाठवली जातात, त्यामुळे मुद्रितशोधनासाठी गाव सोडण्याची गरज उरलेली नाही. संपादनासाठी मात्र काही काळ तरी एखाद्या संस्थेत बसून काम पाहावे असे माझे मत आहे. राष्ट्रीय पुस्तक न्यास प्रकाशनाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेतो, त्यांच्या सूचनांवर लक्ष ठेवा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही कोश शोधता येतात, ते रोज वापरा. कोणतेही काम घेण्यापूर्वी पानाचा दर आणि पैसे मिळण्याची मुदत लेखी ठरवून घ्या, समोरची संस्था कितीही नावाजलेली असली तरी. ग्रंथपालांनी सुचवल्याप्रमाणे गावातल्या ग्रंथालयात सुट्टीच्या दिवशी देवघेवीला मदत करता आली तर अवश्य करा, आणि ‘पुस्तकपेठ’ यांच्या म्हणण्याप्रमाणे लातुरात प्रदर्शन लागले की टेबलामागे उभे राहण्याची परवानगी मागा.

मुद्रितशोधनाच्या खुणांचा माझ्याकडचा तक्ता मी तुम्हांला व्यक्तिगत निरोपातून पाठवते. त्यासोबत दोन वेगवेगळ्या मजकुरांची काही पाने असतील: एक साधा वैचारिक लेख आणि एक मराठवाडी संवाद असलेली कथा. लेखावर सर्व दुरुस्त्या करा. कथेत मात्र जेथे जेथे हात आवरला त्या जागा पेन्सिलीने नोंदवा आणि तो का आवरला ते समासात लिहून दोन्हींची छायाचित्रे मला पाठवा, म्हणजे पुढचे त्यावरच बोलू.